थांबंल न्हवं हे?

मंगळवार पेठेतल्या कोडिंगच्या क्लासला माझ्या शेजारी कबनूरचा एक यंत्रमाग कामगार बसायचा. डावा हात कायम खिशात; उजव्याच हाताने, एकेक अक्षर पुटपुटत टाइप करायचा. प्रोग्राम चालवण्याआधी दर वेळी मला विचारायचा, "थांबंल न्हवं हे?" मलाही काही येत नव्हतं.

एकदा माझाच प्रोग्राम थांबेना. पडद्यावर आकडे नुसते धावत सुटले, माझी बोटं सापडेल ते बटण दाबू लागली. त्याने झेप घेऊन भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. सगळ्या वर्गाचं काम गेलं.

सर ओरडत होते. त्याचं लक्षच नव्हतं. दोन्ही हातांनी तो माझी बोटं चाचपत होता.

"दहाच्या दहा हायती की, पावणं!"

त्याच्या डाव्या हाताला दोनच होती.