आडनाव वाचता येणारी माणसं

आजींच्या सूनबाईंनी माझ्या हातातली पाण्याची वाटी काढून घेतली. आजींचं तोंड उघडंच राहिलं. चमचा ओठांपाशी पोहोचला होता.

‘तुम्ही राहू द्या. दुसऱ्या सिस्टरना पाठवा.’

दोन मिनिटांपूर्वी याच बाई किती गोड बोलत होत्या. दिल्लीतल्या या खाजगी हॉस्पिटलात मी आठ वर्षं नर्स आहे. दिवसभर हिंदी. आई गेल्यापासून घरीही मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. त्या सकाळी अर्धांगवायू झालेल्या आजी पुटपुटल्या, ‘पाणी दे गं बाळा.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘देते हं आजी.’

सूनबाई खुलल्या. ‘अय्या, मराठी तुम्ही? कुठल्या? इकडे कशा?’

मी सांगत गेले. आईची केंद्र सरकारातली नोकरी, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर, आमचं गाव. मग त्यांनी आडनाव विचारलं. तेही सांगितलं. दिल्लीत माझं आडनाव सहसा कुणाला वाचता येत नाही. इतकी वर्षं मी त्या आडोशाला राहिले होते. यांना वाचता आलं.

बाहेर येऊन इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. त्या हसल्या. ‘अरे यार, मराठी-मराठी में भी झगड़ा? चलो, तेरा बेड बदल देती हूँ. दिल पे मत ले.’

दुसरी सिस्टर ड्रेसिंगमध्ये अडकली होती. आजींना नीट गिळता येत नव्हतं. बसतं करून, हनुवटी खाली धरून, दाटसर केलेलं पाणी अर्धा अर्धा चमचा द्यावं लागे. घरच्यांना ते द्यायची मनाई होती.

आजी पाऊण तास तहानलेल्या राहिल्या.

मी दाराबाहेर होते. माझ्या हातांना ते काम येत होतं. अपमान त्यांनी केला. बाहेर नुसती उभी मात्र मी राहिले. हे लिहायला मला फार दिवस लागले.

तेव्हा माझ्या पर्समध्ये पाच महिन्यांपासून राजीनाम्याचा अर्ज पडून होता. आई कॅन्सरने गेली. शेवटी शेवटी वेदना कमी करणाऱ्या पथकातली एक नर्स घरी यायची. औषध द्यायची आणि मग बसून राहायची. घाई नाही. आई तिच्यापाशी रडायची, माझ्यापाशी नाही. मला ते काम हवं होतं. त्या पथकात जागाही होती. पण पगार कमी, आणि आईचं एकच, ‘पक्की नोकरी सोडू नकोस गं.’ आता विचारायला तीही नव्हती. खोलीत मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलायचे.

दुपारी बसमध्ये अर्ज बाहेर काढला. उद्याच देते, ठरवलं. मग हात थांबला. सूनबाईंनी मला एका बेडवरून काढलं होतं. उरलेल्या हॉस्पिटलातून मीच मला काढायला निघाले होते. ज्या कामावर माझा जीव होता, त्याची मी पळवाट करणार होते. आर. के. पुरमचा माझा स्टॉप मागे गेला, कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक राजीनामा. दुसरी तक्रार : जात बघून मला रुग्णापासून दूर केलं. इन्चार्जनी ते चालवून घेतलं. रुग्ण तहानलेला राहिला. मी गप्प बसले, हेही लिहिलं.

मॅडमनी तक्रार माझ्याकडे सरकवली. ‘जा ही रही हो, तो ये किसलिए?’

‘जाना मेरी पसंद है, मॅडम. ये आपका काम है.’

‘एक्स्पीरियन्स लेटर चाहिए ना तुम्हें?’

‘चाहिए. और इस पर रिसीव्ड का स्टॅम्प भी.’

स्टॅम्प मिळाला नाही. तीच तक्रार ई-मेलने वरपर्यंत पाठवली. नोटिशीचा महिना चालू आहे. रोज ड्यूटीवर जाते, रोज उत्तर मागते. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर हल्ली कुणी बसत नाही.

पुढच्या महिन्यापासून त्या पथकातर्फे लोकांच्या घरांत जायचं आहे. त्यांच्याच माठातलं पाणी त्यांच्याच माणसाला पाजायचं आहे. आडनाव विचारतील. दारातच सांगेन. हाकललं तर तेही लेखी घेईन. पण आत कुणी पाणी मागत असेल, तर पुन्हा दाराबाहेर उभी राहणार नाही.