नव्या रनिंग बॅकची जर्सी
इथे अमेरिकेत, ट्रॉयला, आमच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी अमेरिकन फुटबॉलचे थोर जाणकार जमतात, म्हणजे माझा नवरा आणि त्याचे आयटीतले मित्र. यातला एकही जण कधी बर्फात गाडीपासून दारापर्यंतसुद्धा पळालेला मी पाहिलेला नाही.

यंदा त्यांच्या लाडक्या टीमने कॉलेजमधून एक नवा रनिंग बॅक घेतला. बॉल छातीशी धरायचा आणि समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसायचं, एवढंच त्याचं काम. किती सोपं! पोरगा एकही मॅच खेळला नव्हता, तेव्हाच नवऱ्याने त्याच्या नावाची जर्सी मागवली आणि ट्रॉफी आपलीच, असं जाहीर करून टाकलं.

पहिल्या मॅचला मी भेळ घेऊन खाली गेले, तेव्हा टीव्हीवर पोरगा पुन्हा एकदा आडवा झाला होता.

"काही दम नाही यार याच्यात," नवरा म्हणाला.

"अरे, पहिलीच मॅच आहे त्याची."

"मग? प्रोफेशनल आहे ना? पहिल्या दिवसापासून डिलिव्हर करायला नको?"

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. भेळ संपेपर्यंत त्यांनी त्याला टीममधून काढूनही टाकलं.

सोमवारी नवरा घरूनच काम करत होता. गेल्या मार्चपासून तो नव्या प्रोजेक्टवर आहे. कॅमेरा बंद ठेवून तो मॅनेजरला अगदी मऊ आवाजात समजावत होता, की मी इथे अजून नवीन आहे, मला कुणी काम धड समजावून दिलेलं नाही, सेटल व्हायला थोडा वेळ लागणारच.

अंगात तीच जर्सी होती.