वर म्हटलं की खाली

"मशीन चांगलं आहे, ताई. बाबांचाच हात लागला असेल बटणाला."

"लागला असेल, की लागला? तू बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? काल संध्याकाळी मी स्वतः चालवलं. गायीसारखं गरीब चाललं."

"आणि आज सकाळी त्याच गायीनं बाबांच्या तळव्याशेजारी शिंग खुपसलं."

धाकट्या भावाने हातातली तेलकट चिंधी टेबलावर आपटली, पण डोळे मात्र तिकडे नेले नाहीत. टेबलाच्या लोखंडात ताजं, चकचकीत भोक पडलं होतं. मशीनचं भोक पाडणारं टूल वर जायच्या ऐवजी खाली आलं होतं. जॉब, म्हणजे कापून झालेला तुकडा, काढायला बाबा हात घालतात त्या जागेपासून ते भोक बोटभरही लांब नव्हतं. बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, मास्तरांच्या छडीला घाबरलेल्या पोराने धरावेत तसे. हात थरथरतात हे लेकीला दिसू नये, एवढाच त्यांचा खटाटोप.

लेकीला ते दिसायचं राहतंय होय? तिचा धंदाच बारीक थरथर पकडण्याचा. या भागात तिला सगळे मीटरताई म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर, आणि आज या शेडमध्ये तर उद्या त्या शेडमध्ये, बिघडलेल्या मशीनच्या पोटात डोकं घालून बसायचं. "नवऱ्याच्या तोंडापेक्षा मीटरचं तोंड जास्त बघते," असं सासूबाई म्हणत आणि वर तिच्या डब्यात एक घास जास्त भरत. परक्या कारखान्यांत ती कुणाच्या बापाला भीत नसे. इथे प्रश्न बापाचाच होता.

तिने पॅनेल उघडलं. डावा हात एप्रनच्या खिशात गेला, आपोआप. ही बाबांचीच शिकवण. "दोन्ही हात पॅनेलमध्ये घालणारा लवकर हाराच्या फोटोत जातो," असं ते तिला लहानपणी सांगायचे.

"टूल वर-खाली करणाऱ्या मोटरचा ड्राइव्ह हाच ना?"

"हाच. आणि तोही चांगला आहे."

"मी त्याचं स्थळ बघायला नाही आले. सारखं चांगला-चांगला म्हणू नकोस."

एरवी धाकटा हसला असता. आज हसला नाही.

ड्राइव्ह म्हणजे मोटर फिरवणारा डबा, त्याला मशीनच्या मेंदूकडून, कंट्रोलरकडून, दोन निरोप येतात. एका वायरीतून "पाऊल टाक", दुसरीतून "कुठल्या दिशेला". दिशेच्या वायरीत पाच व्होल्ट असले की वर, काहीच नसलं की खाली. भानगड मधल्यामध्ये होते. व्होल्टेज अर्धवट पडलं, तर ड्राइव्ह ते नाहीच असं धरतो. वर जायला सांगावं आणि त्याने निमूटपणे, पूर्ण ताकदीने खाली यावं. असं मशीन तिने एकदा दुसरीकडे बघितलं होतं. तिथल्या माणसाचा हातमोजा नंतर कुणीच उचलला नव्हता.

तिने मीटरचे प्रोब, त्या दोन टोकदार सुया, दिशेच्या वायरीला टेकवले. "वर घे."

टूल वर गेलं. मीटरवर पाच.

"खाली. परत वर."

पाच. स्वच्छ पाच.

"झालं समाधान?" धाकटा म्हणाला. "बाबांचं वय झालंय, ताई. मान्य कर."

 बाबांनी स्वतःची बाजू मांडली नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली. हा माणूस चहात साखर कमी पडली तरी वकिली करणारा.

"बाबा, इकडे या. सकाळी जसे उभे होतात तसे उभे राहा. हात मात्र आत घालायचा नाही." तिने लाकडाचा एक ठोकळा उचलला आणि त्यांच्या तळव्याच्या जागी ठेवला. "हा तुमचा हात समजा."

बाबा आले. उभे राहिले. आणि सवयीने त्यांनी मशीनच्या डोक्याखाली बोट नेऊन काहीतरी दाबलं. टेबलावर पांढराशुभ्र उजेड पडला. बारीक एलईडीची पट्टी होती, तिने आजवर कधी न बघितलेली.

धाकट्याने मान फिरवली.

"वर घे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच खरखरीत वाटला.

"ताई, दिवा बंद करून…"

"आहे तसंच. वर घे."

प्रोब तिने एकाच हाताने परत टेकवले होते. ते घसरून एकमेकांना लागले तर ड्राइव्ह जाईल. जाऊ दे. धाकट्याने बटण दाबलं. मीटरवरचा आकडा तीनच्याही खाली होता, आणि टूल सावकाश, शहाण्यासारखं, खाली येऊ लागलं. ठोकळ्यात शिरलं. लाकूड करकरलं, भुसा उडाला, आणि तरी ते आत आत जातच राहिलं.

"थांबव."

धाकट्याचा हात लाल बटणावर पोचायला वेळ लागला. ठोकळा मधोमध फुटला होता.

 बाबा त्या दोन तुकड्यांकडे तोंड करून उभे होते.

तिने दिव्याची वायर बोटाने धरत मागे नेली. पट्टीतून वायर नळीत गेली होती आणि नळीतून पॅनेलमध्ये, इतकी नीटनेटकी की शोधायला आलेल्यालाही ती सापडू नये. शेवटी ती कंट्रोलरच्या पाच व्होल्टांवर जोडलेली निघाली. दिव्यावर पाच व्होल्ट लिहिलं होतं, तिथे पाच होते, म्हणून दिले जोडून. दिवा लागला की सिग्नलच्या वाट्याचं सगळं तोच खायचा.

"म्हणून तुझ्या हातात नीट चालायचं," ती धाकट्याला म्हणाली. "तू दिवा लावतच नाहीस. तुला गरज नाही."

"दिवा मीच बसवला. बाबाच म्हणाले, ताईला सांगू नकोस. म्हणाले, ती मला घरी बसवेल." तो खाली बघत होता. "मला वाटलं, साधा दिवा तर आहे. त्याला वेगळी लाइन देऊन टाक ना, झालं. ते तर होईल?"

"दिव्याचं होईल."

ती बाबांकडे वळली. खिशातला डावा हात बाहेर काढायला ती विसरली होती.

"बाबा, सकाळी टूल तुमच्याकडे येत होतं तेव्हा तुम्ही हात मागे घेतला का? की ते खाली येतंय हे तुम्हाला दिसलंच नाही?"

"ताई, राहू दे आता," धाकटा पुटपुटला.

"मला त्यांच्याकडून ऐकायचंय. दिसतं का, बाबा? किती दिसतं?"

बाबांनी एप्रनची गाठ सोडली, एप्रन मशीनच्या कोपऱ्यावर ठेवला, तो नीट बसला की नाही ते तळव्याने चाचपून पाहिलं, आणि मग टेबलाच्या कडेकडेने हात सरकवत दारापर्यंत जाऊन ते बाहेर पडले.