दिल्ली दरवाजाचं वळण

मी स्वीडनला निघाले त्या दिवशी नानांनी रिक्षात दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. भिंगारहून माळीवाड्याच्या स्टँडवर जायला कितीसा वेळ लागतो, पण माझे वडील मुद्दाम लांबून फिरले. किल्ल्याला वळसा घातला, दिल्ली दरवाजातून आत शिरले, कापडबाजारातून हळूहळू रिक्षा काढली. "एकदा बघून घे," एवढंच म्हणाले. मी मागे बसून मोबाईलवर तिकिटाचा ईमेल शोधत होते. पुण्याची बस लागली, तेव्हा त्यांनी बॅग स्वतः वर चढवली आणि खिडकीपाशी उभे राहिले. "पोचली की फोन कर. आन् खात जा." आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे खाण्याचं बोलणंही त्यांच्याच वाट्याला आलं होतं.

मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. स्वीडनमधल्या माल्मो शहरात आमची टीम शर्यतीच्या गाड्यांचा एक गेम करते आणि त्यातले रस्ते, भिंती, दुकानं, उन्हाची तिरीप, हे सगळं उभं करणं हे माझं काम. तीन वर्षं मी दुसऱ्यांची शहरं बांधली. मग एका मीटिंगमध्ये नवीन ट्रॅकसाठी शहर सुचवायला सांगितलं आणि माझ्या तोंडून नगर निघून गेलं. आता नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून नगरच म्हणतात. किल्ला, वेशी, एकदम अरुंद होणारे बाजार, लांब डोंगरावर चांदबिबीचा महाल. फोटो बघून सगळे खूश झाले. गेममध्ये शहराला बनावट नाव द्यायचं ठरलं, पण रस्ते खरे हवे होते.

मला रेफरन्स हवा होता, म्हणजे बघून बांधायला खऱ्या रस्त्यांचं चित्रण. नेटवरचे फोटो जुने. मी नानांना फोन केला.

त्यांना इतका आनंद झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ताईनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, मोबाईल रिक्षाच्या काचेमागे बसवून दिला आणि नाना रोज सकाळी गर्दी व्हायच्या आत एकेक रस्ता शूट करू लागले. ताई अंगणवाडीत जायच्या आधी क्लिप पाठवायची. प्रत्येक क्लिपमध्ये काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक तडा दिसायचा, त्यावर चिकटपट्टी. वळणाआधी नाना दोनदा हॉर्न द्यायचे. मधूनच बोलायचे, "हे बघ वैशे, इथं लई मोठा खड्डा हुता, बुजवला आता."

पुढे पुढे मी आवाज बंद करूनच क्लिप बघू लागले. कामाच्या वेळात कोण ऐकत बसणार?

दिल्ली दरवाजाचं वळण काही केल्या नीट येईना. कधी समोरून ऊन यायचं, कधी बस आडवी. ट्रॅकमधलं ते सगळ्यात अवघड वळण होणार होतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा मागत होते. शेवटी लिहिलं, "नाना, कमानीपाशी मोबाईल जरा डावीकडे फिरवा ना." त्यानंतर चार दिवस काहीच आलं नाही. ताई म्हणाली, नाना पाथर्डीकडं गेलेत, भावकीत लग्न आहे. माझी डेडलाईन तोंडावर आली होती. मी चिडून मेसेज टाकला, "दोनच क्लिप राहिल्यात. एवढं तरी करा."

दोन दिवसांनी दोन्ही क्लिप आल्या. वळण स्वच्छ, कमान पूर्ण, ऊन बाजूनं. हवं होतं तसं.

फक्त काचेला तडा नव्हता. हॉर्नही वाजला नाही. त्या दिवशी मी आवाज चालू केला होता, हे मला पक्कं आठवतं. दगडांच्या रंगातला फरक ओळखण्याचा मला पगार मिळतो. रिक्षा आमची नाही, हे मला पहिल्या क्षणी कळलं. चालवणारे नाना नाहीत, हेही कळलं. मी ती फाईल सेव्ह केली आणि कामाला लागले. विचारीन नंतर, असं मनात म्हटलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी ऐकावं लागलं असतं, आणि ऐकल्यावर कदाचित निघावं लागलं असतं.

ट्रॅक गाजला. लोक त्या कमानीखाली गाड्या आपटायचे आणि हसत व्हिडिओ टाकायचे. ऑफिसात केक कापला.

वर्षभराने सुट्टीवर घरी गेले तेव्हा दार उघडायला नाना आले. वॉकर पुढे सरकवत. रिक्षा दारात नव्हती. ती आता ताईच्या ओळखीतला एक जण चालवतो.

ताईनं मला आत स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. कमानीपाशी नानांनी एका हातानं मोबाईल डावीकडे फिरवला, दुसऱ्या हातातलं हँडल वळलं आणि रिक्षा कडेच्या कठड्यावर चढून उलटली. खुब्याचं हाड मोडलं. आत रॉड घातला. माझा चिडका मेसेज नानांनी हॉस्पिटलात वाचला होता. त्यांनीच ताईला पिटाळलं, दुसऱ्याच्या रिक्षात बसून तेवढ्या दोन क्लिप करून आण म्हणून.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"नाना नको म्हनले. पन तू नुसतं विचारलं असतं ना, तरी मी सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "दाखव की तुझा तो रस्ता." मी लॅपटॉप मांडला, त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या. नाना रिक्षा चालवावी तशी कडेकडेनं गाडी चालवत राहिले. "मानूस दिसंना कुठं," म्हणाले. कमान आली तशी त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली आणि अलगद वळण घेतलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला राहवलं नाही. "नाना, शेवटच्या क्लिपा तुमच्या नव्हत्या. मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "मला वाटलंच हुतं. तुझी नजर बारीक हाय ल्हानपनापासनं." मग म्हणाले, "म्हनून तर आठ दिवस मोबाईल उशाला घेऊन झोपलो. म्हनलं, आता फोन येईल."

रागाचा एक शब्द नव्हता त्यात. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण असू दे म्हणाले नाहीत. म्हणू नये असंच मलाही वाटत होतं.

माझ्यासारखे जे लांब गेलेत, त्यांना मी काय सांगणार? आपल्याला घरचं कुणी काही कळवत नाही, अशी आपली तक्रार असते. माझ्यापुरतं सांगते, मला कळलं होतं. आणि जे मागे राहिलेत त्यांना हात जोडून सांगते, आमच्या कामाची इतकी काळजी घेऊ नका.

आता मी माल्मोला परत आलेय. ज्या नगरात लोक गाड्या पळवतात, त्याचा दगडन् दगड मला पाठ आहे. ज्या नगरात नाना आहेत, ते मला रोज विचारून घ्यावं लागतं आणि माझं घर तेवढंच आहे, रोजच्या दहा मिनिटांच्या फोनाएवढं. मी आधी पायाचं विचारते आणि मग गप्प बसून ऐकते. काल नाना म्हणाले, "आज कोपऱ्यापर्यंत गेल्तो. काठी न घेता." मग फोनवर खाकरले.

"न्हाई," म्हणाले. "घेतली हुती. तुला खरं सांगायचं ठरवलंय."