सीटखालचा आवाज

लातूरला दालमिलांना तोटा नाही, आणि आमच्या घरी बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. म्हणून वडील किनवटकडे आमच्या गावी, थोरल्या काकांकडे गेले, की येताना त्यांच्या विहिरीचं पाणी आणायचे. कॅन काका स्वतः भरायचे. तोंडावर जुन्या धोतराचा तुकडा आणि त्यावर आवळून झाकण. हिंदकळू नये म्हणून तो पुढच्या सीटच्या मागे दाबून ठेवायचे. त्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजायची, हे मी नाकारत नाही.

वडिलांचे कान दालमिलने खाल्ले. सगळा जन्म यंत्रांच्या खडखडाटात गेला. कानात घालायचं मशीन आणून दिलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी कपाटात टाकलं. फोनवर त्यांना नुसती खरखर ऐकू यायची. मी गाडी घेतली तेव्हा सहज फोन गाडीला जोडला, काचा वर केल्या आणि काकांना लावला. काकांचा आवाज चारही दारांतून घुमला आणि वडील लहान मुलासारखे हसले. तेव्हापासून रोज संध्याकाळी दारात उभ्या गाडीत बसून ते भावाशी बोलायचे. पाऊस, म्हैस, कुणाच्या पोरीची सोयरीक. गल्लीला वाटायचं, म्हाताऱ्याला फिरायची हौस आहे आणि पोरगा नेत नाही.

मग एक दिवस आवाज गेला. पडद्यावर फोन लागलेला दिसे, पण स्पीकर मुके. पुढच्या सीटखाली कंपनीनेच बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि तो गेला की सगळंच बंद पडतं, हे मला तेव्हा कळलं. सर्व्हिस सेंटरने तो वॉरंटीत बदलून दिला. गावाकडे एक चक्कर झाली आणि नवाही गेला. तोही बदलला. दिवाळीला जाऊन आलो, तर पुन्हा तेच. "पार्ट वरून यायचाय, सर," हे ते लोक इतक्या गोडीत सांगत, की कानाखाली काढावीशी वाटे. खालचं कार्पेट उचलून बघावं, हे त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. जुना काढायचा, नवा ठोकायचा, आणि वर फोन करून विचारायचं, आमच्या सेवेवर खूश आहात का?

तिसऱ्या वेळी पार्ट काही येईना. त्यातच काकांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं. साधंच आहे, लवकर घरी सोडतील, असं सगळे म्हणत होते. संध्याकाळी काकांचा फोन आला. मी ऐकायचं आणि वडिलांच्या कानाशी ओरडून सांगायचं, अशी आमची सोय. सलाईन, औषधं, जेवण एवढं झालं आणि काका थांबले.

"त्याला एक सांगायचं व्हतं," ते म्हणाले. "तू नको वरडू. गाडी नीट झाली का लाव, मग बोलतो."

दादा काय म्हणला, असं वडिलांनी विचारलं. गाडी नीट झाली की बोलू म्हणतात, असं मी ओरडलो. त्यांनी समाधानाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी काका गेले. काय सांगायचं होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. अजूनही सर्व्हिस सेंटरवरून जाताना माझ्या तोंडात शिवी येते.

पार्ट आला तो काकांना पोचवून आल्यावर. या वेळी त्यांनी कार्पेट उचललं. खाली चिखल, आणि अ‍ॅम्प्लिफायर हिरवा पडलेला. पाणी शिरलंय, वॉरंटीत बसणार नाही, असं तिथला माणूस म्हणाला, आणि काउंटरवर तो गंजका डबा माझ्यापुढे सरकवला. माझ्या डोळ्यांपुढे झाकणाखालून लोंबणारा धोतराचा तुकडा आला. तो पाणी ओढत असणार, वाटभर थेंब थेंब खाली सोडत असणार. शेजारी उभ्या वडिलांनी डब्याकडे बघत विचारलं, काय म्हणतो? पार्टच खराब निघाला म्हणतो, असं मी त्यांच्या कानात ओरडलो.

तेराव्याला गावी गेलो. निघताना काकूंनी कॅन भरला आणि तसाच धोतराचा तुकडा लावून झाकण आवळलं. मी तो डिकीत ठेवायला हात पुढे केला, पण वडिलांनी आधीच उचलला आणि मांडीवर घेऊन पुढे बसले. नांदेड यायच्या आत त्यांचा पायजमा भिजला होता. मी ओरडून म्हणालो, अप्पा, द्या इकडे, मागे ठेवतो.

ते रस्त्याकडे बघत राहिले. "ऐकू येत न्हाई रं मला," ते म्हणाले. "दिसतंय की."

लातूरपर्यंत त्यांनी कॅन सोडला नाही. पैसे भरून बसवलेला तो नवा अ‍ॅम्प्लिफायर अजून ठणठणीत आहे.