शिफ्टवरची चिकटपट्टी

गुरुलिंग सर म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले गृहस्थ. नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. गिरणीच्या ऑफिसात आठ वर्षं इंग्रजी पत्रं बडवली, तेवढ्या भांडवलावर ते टायपिंगमधले बृहस्पती. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या सुमारास त्यांनी मराठी मशीनं आणली आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक मशीनच्या शिफ्टवर चिकटपट्टी मारून टाकली.

"शिफ्ट कशाला असतंय? क्यापिटलला. मराठीत क्यापिटल असतंय का? नसतंय की! मग हात लावायचा नाही."

मग जोडाक्षरांचं काय? पूर्ण अक्षर टाइप करायचं आणि मागाहून पेनानं त्याचा पाय मोडायचा. 'रस्ता'तला स लंगडा, 'सत्य'मधला त लंगडा. नऊ विद्यार्थी मान खाली घालून पाय मोडत बसत. त्यांच्यातल्याच रशीदाला सरांची किळस यायची, आणि निमूट माना डोलावणाऱ्या या मेंढरांची त्याहून जास्त.

तिच्या शेजारी माढ्याकडची गिरिजाबाई बसे. नवरा वारलेला. त्याच्या कचेरीत तिला जागा मिळणार होती, पण याच खेपेला परीक्षा पास झाली तर. "सर म्हणत्यात म्हंजी खरंच आसंल की," म्हणत तीही इमानेइतबारे पाय मोडायची.

एका दुपारी घामानं रशीदाच्या मशीनवरची पट्टी सुटली. तिनं उजव्या करंगळीनं शिफ्ट दाबून धरलं आणि 'स'वर बोट मारलं. कागदावर अर्धा स उमटला! मग अर्धा त, अर्धा न. ती धावत सरांकडे गेली.

"सर, शिफ्टमधे जोडाक्षरं..."

"तुमच्या उर्दूत असतील!" सर म्हणाले. सगळा वर्ग खो खो हसला.

रशीदानं पट्टी परत चिकटवली. मरा लेकांनो. परीक्षेत कागदाला पेन लावायची बंदी होती, हे तिनं चौकशी करून काढलं होतं. आठजण आपटले की सरांचं नाक चारचौघांत कापलं जाईल, या विचारानं तिला गुदगुल्या व्हायच्या. रोज सगळ्यांच्या आधी तासभर येऊन ती शिफ्टचा सराव करी.

परीक्षेला मशीनं क्लासचीच नेली होती. पर्यवेक्षकांनी पेनं गोळा केली, तसे आठ चेहरे पांढरे पडले. रशीदानं पट्टी ओढून काढली आणि सुरुवात केली. शेजारचं मशीन थांबलं होतं. गिरिजाबाई तिच्या करंगळीकडे बघत होती. ऐनवेळी तिच्या बोटांना ते जमणार नव्हतं; वेळ संपेपर्यंत ती बघतच राहिली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "कवापासनं ठावं हुतं तुला?"

"तीन आठवडे," रशीदा म्हणाली. "सरांची जिरवायची होती."

"मग माज्या कानात सांगायचं हुतंस. मी काय सरास्नी सांगाय जात हुते व्हय?"

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या मशीनांवरच्या पट्ट्या काढल्या. "शिफ्ट मी मुद्दामच मागाहून शिकवत असतो," ते नव्या पोरांना म्हणाले, आणि पोरांनी माना डोलावल्या. नाक जागच्या जागी होतं. गिरिजाबाईची जागा मात्र गेली.