पत्रकावरचा हात

चार वर्षं झाली. हे मी आईला सांगितलेलं नाही, कामगार संघटनेत कुणाला सांगितलेलं नाही, एकटी असताना मोठ्याने म्हणूनही पाहिलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर आता ओळखालच.

मी पत्रकं लिहिते. कोण, कुठे, काय केलं, जबाबदार कोण — एका पानात बसवायचं. पत्रकात 'कदाचित' चालत नाही, 'मला वाटतं' चालत नाही. हेसुद्धा तसंच लिहायला घेतलं होतं. तीनदा. तीनही वेळा पान भरेपर्यंत भलत्याच कुणाचा तरी निषेध करून मोकळी झाले. मालकाचा, मग व्यवस्थेचा, एकदा तर नाचाच्या गाण्याचा. म्हणून आता क्रमानेच सांगते.

सुरुवात गिरकीपासून होते.

रविवारी सकाळी मी साल्सा शिकायला जायची. जयलक्ष्मीपुरममध्ये एका बेकरीच्या वर हॉल आहे, तिथे. संघटनेत सांगितलं होतं की शिकवण्या घेते. खरं का नाही सांगितलं? कारखान्यांच्या गेटवर घोषणा देणारी मुलगी रविवारी जोडीने नाचते, हे ऐकून आमचे लोक काही बोलले नसते, नुसते हसले असते. मला कुणी हसलेलं चालत नाही. दुसऱ्याला हसलेलं चालतं.

जोडीच्या नाचात एकजण नेतो आणि दुसरी त्याच्या इशाऱ्यावर जाते. पहिल्याच दिवशी मी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, नेणारा पुरुषच का? बाई म्हणाल्या, तू ने, तुला कोण अडवतंय? मग मला नेता येईना. म्हणून जाणारी झाले. पण मनातून नाही — आणि हे 'मनातून नाही' हातात उतरतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

जोडीदार म्हणून मंजुनाथ मिळाला. मंजू. त्या वर्गात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून बाईंनी जोडी लावली. त्याचं घराणं देवराज मोहल्ल्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम. हा मात्र मेटगळ्ळीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. त्याच्या मराठीत निम्मं कन्नड. आम्ही वडिलांच्या नोकरीपायी सांगलीहून इकडे कन्नड मुलखात आलेलो, तेव्हा माझ्या मराठीला तो "टीव्हीवरच्या बातम्या" म्हणायचा. माझ्याएवढाच होता, तरी मला "मॅडम" आणि "तुम्ही". चिडवायला. त्यानेही वर्कशॉपमध्ये नाचाचं सांगितलेलं नव्हतं. बायकांचे हात धरून नाचणारा फिटर — तिथे त्याला जगू दिलं नसतं.

भराभर गिरक्या घेणं अवघड आहे, ते डोकं गरगरतं म्हणून नव्हे. गरगरण्यावर उपाय आहे. समोर एक खूण धरायची — आमच्या हॉलमध्ये ती विजेच्या बोर्डावरचं लाल बटण होतं — अंग फिरलं तरी नजर तिथेच ठेवायची, डोकं सगळ्यात शेवटी सोडायचं आणि सगळ्यात आधी परत आणायचं. वजन चवड्यावर, पाठ सरळ. एक-दोन-तीनला तयारी, चारला थांबा, पाच-सहा-सातला गिरकी. हे महिन्याभरात जमतं. जमत नाही तो हात. नेणारा डोक्यावर दोन बोटं खाली सोडतो, आपण त्यांच्यावर तळवा नुसता टेकवायचा. धरायचं नाही. अंगठा तर लावायचाच नाही. तो तुम्हाला फिरवत नसतो, तुम्ही फिरता. त्याची बोटं फक्त मध्यभाग कुठे आहे ते दाखवतात.

मी अंगठा लावायची. दर वेळी.

"मॅडम, बेअरिंग मोकळं हवं. घट्ट धरलंत की शाफ्ट जातो," मंजू म्हणायचा.

"तू सोडशील आणि मी पडेन."

"मी धरलंय कुठे, सोडायला? सुम्ने धरून बसता उगाच. भाषण नंतर करा, आधी फिरा."

एक गिरकी यायला लागली. दोन यायला लागल्या. मला तीन हव्या होत्या. का? काही कारण नाही. हव्या होत्या.

त्या रविवारी गाणं वेगाचं होतं. मंजूने दोनची तयारी दिली. दोन झाल्या, आणि मी तिसरी घेतली — त्याने न सांगता, तोल सुटलेला असताना, त्याची बोटं मुठीत आवळून. अंग फिरलं, मूठ फिरली, मुठीतलं त्याचं मधलं बोटही माझ्याबरोबर फिरलं. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला. डावा हात पोटाशी धरून, पांढराफटक पडलेला, आणि म्हणाला, "आयतु मॅडम. झाल्या तीन."

मधल्या सांध्यापाशी हाड मोडलं होतं आणि बंध फाटले होते. बोटाला पत्र्याची पट्टी बांधली, हात जांभळा होऊन टम्म सुजला. एक्स-रेच्या बाहेर बाकावर बसून त्याने तो हात माझ्यासमोर धरला. "काढा फोटो. पुढच्या वेळी अंगठा लावाल, त्याच्या आधी बघा एकदा." मी काढला. आम्ही दोघंही हसलो. इथवर माझी चूक आहे, गुन्हा नाही. इथेच थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

सोमवारी तो कामावर गेला आणि जिन्यावरून पडलो म्हणाला.

आता त्या वर्कशॉपचं. तिथे पॉवर प्रेस आहे, पत्रा दाबून कापणारं यंत्र. प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते, गार्ड. जाळी असली की काम हळू होतं, म्हणून ती काढून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. लक्ष्मम्मा नावाच्या बाईच्या बोटाचं टोक त्या प्रेसमध्ये गेलं होतं. हे मला कुणी सांगितलं? मंजूनेच. नाचाच्या मधल्या सुट्टीत, पाणी पिता पिता, विश्वासाने. मी लक्ष्मम्मांना भेटले. त्यांनी सगळं सांगितलं, पण फोटो नाही म्हणाल्या. फोटोवरून ओळखतील, काम जाईल. बरोबरच होतं त्यांचं.

पत्रक लिहून तयार होतं. आमच्या सरोजाक्का — संघटनेतल्या सगळ्यात जुन्या, माझं पहिलं पत्रक लाल पेनाने रंगवून परत देणाऱ्या — त्या म्हणाल्या, मजकूर चांगला आहे, पण फोटोशिवाय कोण हातात धरतं?

माझ्या फोनमध्ये एक हात होता.

मी त्यातून मंजूचा चेहरा कापला. मनगटापासून पुढे तेवढं ठेवलं. अक्कांनी विचारलं, "अल्लीदे ना?" — तिथलाच ना? मी म्हटलं, तिथलाच. आणि पाहा, या उत्तरात एक शब्दही खोटा नव्हता. मंजू तिथलाच होता. मग मी फोटोखाली ओळ लिहिली — जाळी नसलेल्या प्रेसने या हाताचं काय केलं ते पाहा. ही ओळ मात्र खोटी. ती अक्कांनी लिहिली नाही, छापखान्याने लिहिली नाही. मी लिहिली. मंजूला विचारलं? नाही. कळवलं तरी? नाही. हात म्हणजे हात, कोण ओळखणार, असं स्वतःला म्हटलं. अख्ख्या वर्कशॉपमध्ये त्या आठवड्यात पट्टी बांधलेला हात एकच होता, हे मला कळत नव्हतं का? एवढी मी मूर्ख नाही. कळत होतं. लक्ष दिलं नाही.

सकाळच्या पाळीला गेटवर पत्रकं वाटली. दुपारी मंजूचा फोन आला. मालकाने त्याला उभं केलं होतं. जिन्यावरून पडलास की प्रेसमध्ये गेलं? दोन्हींतलं खोटं कुठलं? शेवटी त्याने खरं सांगितलं — नाचताना मोडलं. सगळं वर्कशॉप हसलं म्हणे. तो दिसला की लोक बोट वर करून हवेत गोल फिरवून दाखवायला लागले. पण मालकाचा प्रश्न नाचाचा नव्हताच. बाहेरच्यांना खोटी बातमी आणि फोटो कुणी दिला, एवढंच त्याला हवं होतं. आणि त्याचं खरं उत्तर देऊ शकेल असं जगात एकच माणूस होतं.

"मॅडम, तुम्ही या. एवढंच सांगा — फोटो तुम्ही मला न विचारता लावला. बाकी मी बघतो."

मी म्हटलं, निघालेच.

बसस्टॉपवर गेलेही. मेटगळ्ळीची एक बस गेली. दुसरी गेली. तिसरी आली तेव्हा कंडक्टरने माझ्याकडे बघून "मेटगळ्ळी, मेटगळ्ळी" म्हणून दोनदा ओरडून दाखवलं. मी फोन बंद केला आणि उलट्या बाजूला चालत सुटले.

मंजूला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. अजून आहे.

दोन दिवसांनी संघटनेची बैठक झाली. मालक सगळीकडे सांगत सुटला होता की पत्रक खोटं आहे, आणि फोटोपुरतं त्याचं खरं होतं. अक्कांनी मला समोर बसवलं. रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "रेवती, त्या मुलाने तुला नेमकं काय सांगितलं होतं?"

बघा, प्रश्नातच वाट होती. त्याने तुला काय सांगितलं. मला काही रचावं लागलं नाही, नुसतं त्या वाटेने जायचं होतं. मी म्हटलं, "प्रेसमध्ये गेलं म्हणाला. मी विश्वास ठेवला."

त्याने असं काहीही म्हटलं नव्हतं. त्याचं बोट मी मोडलं, त्याचा हात मी छापला, त्याचं काम मी घालवलं, आणि मग खोटारडेपणाही त्याच्याच नावावर केला.

अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तुझा काय दोष, म्हणाल्या. कॉफी मागवली. मी ती प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्या मंजूच्या घरी जाऊन त्याला सुनावून आल्या. परत आल्यावर मला सांगत होत्या — त्याने विचारलं, हे कोण म्हणालं? मी तुझं नाव घेतलं. मग गप्पच बसला. बोलायला तोंडच नव्हतं त्याला.

काम गेल्यावर गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं त्याच्याकडे. तो माझं नाव घेऊ शकत होता. घेतलं नाही. का, ते मला माहीत नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही. पुढे लक्ष्मम्मा धीर करून पुढे आल्या, तपासणीला आलेल्या साहेबांसमोर आपलं तुटकं बोट धरलं. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "साहेब, हिलाही विचारा, कुठे नाचायला गेली होती." साहेबही हसले. खरं बोट समोर होतं आणि माझ्या खोट्या फोटोने ते खोटं ठरवलं. जाळी बसली नाही.

एखाद्या मालकाने हे कुणाबरोबर केलं असतं तर मी काय केलं असतं? त्याच्या दारात बसले असते. विश्वासघातकी, भेकड, दुसऱ्याच्या हातावर नाव कमावणारा — हे सगळे शब्द मला येतात, गेटवर उभी राहून मी ते माइकवर म्हटलेले आहेत. हेतू चांगला होता, असं तुम्ही म्हणाल का? म्हणू नका. जाळीसाठी मी फोटो लावला, हे खरं. बैठकीत जे बोलले ते कशासाठी? जाळीचा त्याच्याशी काय संबंध?

मंजू आता काकांच्या दुकानात शिलाई मशीनवर बसतो. डाव्या हाताचं मधलं बोट दुमडत नाही, त्यामुळे कापड सरकवताना ते ताठ वर राहतं. मागच्या दसऱ्याच्या गर्दीत मी दुकानासमोरून गेले. त्याने मान वर करून पाहिलं. "बऱ्या आहात ना मॅडम?" म्हणाला, आणि गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेत राहिला. मी बरी आहे म्हटलं.

मी अजून संघटनेत आहे. नव्या कार्यकर्त्यांचं शिबिर असतं, त्यात माहितीची खातरजमा कशी करावी यावर एक तास असतो. तो तास माझ्याकडे आहे. मी त्यात हेच प्रकरण उदाहरण म्हणून सांगते — एका कामगाराने सांगितलं, आम्ही पडताळलं नाही, आंदोलन बुडालं. चांगलं सांगते. लोक लिहून घेतात. मागच्या महिन्यातल्या शिबिरात कुणीतरी विचारलं, त्या कामगाराचं नाव काय होतं?

मी नाव सांगितलं. फळ्यावर लिहिलंही.